वादळात काय पडलं-झडलं ते कळवायचं कसं, आणि त्याची तयारी आधीच का करायची

मागे एकदा रात्री वादळ झालं आणि आमच्या रस्त्याच्या तोंडाशी एक जुनं झाड मुळासकट आडवं पडलं. सकाळी बघतो तर तिथे जत्रा भरलेली, पंचवीस-तीस माणसं, कोणी फोटो काढतंय, कोणी स्टेटसला टाकतंय, कोणी व्हिडिओ कॉल लावून नातेवाईकांना दाखवतंय, आणि दुपारी एक वाजला तरी झाड उचलायला कुणीच आलेलं नाही म्हणून सगळे मिळून यंत्रणेच्या नावाने शिमगा करतायत. शेवटी मी फोन लावला तर पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "या रस्त्याची एकही तक्रार आलेली नाहीये आमच्याकडे." म्हणजे सकाळपासून एकानेही कळवलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं एवढं मोठं झाड आहे, कुणीतरी केलाच असेल फोन. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटत होतं.

हा फक्त आपला आळशीपणा नाहीये बरं का. १९६८ साली अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, कॉलेजच्या पोरांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडायला सुरुवात केली. पोरगा एकटा असला की १०० पैकी ७५ जण उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत दोन जण असे बसवले ज्यांना आधीच सांगून ठेवलेलं की धूर दिसला तरी ढिम्म बसायचं, तेव्हा फक्त १० टक्के पोरं उठली. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत बसले! वादळानंतर गर्दीत उभं राहून आपण तेच करतो. त्यामुळे माझा स्वतःचा नियम आता साधा आहे, गर्दी जितकी जास्त तितका फोन झालेला नसण्याचा चान्स जास्त असं धरून चालायचं आणि आपण लावायचा. आधीच कुणी कळवलेलं असेल तर ते सांगतील, आपलं काय गेलं.

आता पलीकडे काय चाललेलं असतं ते बघू, कारण ते कळलं की काय सांगायचं हे आपोआप कळतं. आपल्याला वाटतं कंट्रोल रूममध्ये मोठाल्या स्क्रीन असतील, सॅटेलाइट असेल, त्यांना सगळं दिसत असेल. तसं नसतं. वादळाच्या वेळी वर ढगांची गोधडी पसरलेली असते, साध्या कॅमेऱ्याच्या सॅटेलाइटला तिच्यातून खालचं काही दिसत नाही, रडारवाल्या सॅटेलाइटला दिसतं पण तो त्या जागेवरून जाईल तेव्हाच. हेलिकॉप्टर आणि ड्रोन जोराच्या वाऱ्यात उडवता येत नाहीत. म्हणजे पहिले काही तास त्यांच्याकडे दोनच गोष्टी असतात, लोकांचे फोन आणि आपल्याच फिल्डवरच्या माणसांचे वायरलेस. नकाशावर जिथून फोन आले तिथे ठिपके पडतात, जिथून नाही आले ती जागा कोरी राहते, आणि कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात. एक तर तिथे काहीच झालेलं नाही, किंवा इतकं झालंय की टॉवर पडलाय, लाईट गेलीय, रस्ता बंद आहे आणि फोन लावायला कोणी सुस्थितीतच नाही. या कामात मुरलेली माणसं म्हणूनच गप्प असलेल्या भागाची जास्त काळजी करतात. पण सगळीकडे मुरलेलीच माणसं बसलेली असतील असं कुठे आहे.

ठिपके पडले की मग क्रम लागतो. पहिले जीव, म्हणजे कोण अडकलंय, कोण जखमी आहे, आग, गॅस गळती. मग दवाखाने, पाणी, मुख्य रस्ते, मोबाईल टॉवर. मुख्य रस्त्याचंसुद्धा काय करतात, आख्खा रस्ता साफ करत बसत नाहीत, ॲम्ब्युलन्स जाईल एवढी एक लेन मोकळी करायची, ओंडके कडेला ढकलायचे आणि पुढे सरकायचं. त्यानंतर कुठे गल्लीबोळ. विजेचंही तसंच आहे, आधी मोठ्या लाइन्स आणि सबस्टेशन, मग फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून एकेका भागाकडे जाणारी लाइन, मग आपल्या कोपऱ्यावरची डीपी, आणि सगळ्यात शेवटी एकेका घराची सर्व्हिस वायर. समोरच्या बिल्डिंगमध्ये लाईट आली आणि आपल्याकडे नाही याचं कारण बऱ्याचदा कुणाचा वशिला नसतो, ते दुसऱ्या फीडरवर किंवा दुसऱ्या फेजवर असतात एवढंच. हे मी सांगतोय म्हणून अंधारात बसलेल्या माणसाचं डोकं शांत होईल अशी माझी अपेक्षा नाही, माझं स्वतःचंच होत नाही.

पण एक गोष्ट मात्र आपल्या हातात असते, आणि ती म्हणजे आपली तक्रार योग्य खात्यात पडणं. झाड पडलंय आणि त्यात विजेची तार गुंतलीय असं समजा. झाड तोडणारी माणसं आली तरी त्यांना त्या झाडाला हात लावता येत नाही, जोपर्यंत वीजवाले येऊन लाइन बंद आहे असं खात्रीने सांगत नाहीत. आता तुम्ही फोनवर नुसतं "झाड पडलंय" म्हणालात तर कटर घेऊन एक गाडी येणार, तार बघणार आणि परत जाणार, मग वीजवाल्यांना निरोप, मग ते येणार, लाइन बंद करणार, मग परत पहिल्यांना बोलावणार, आणि या सगळ्यात दिवस गेला. तेच सुरुवातीलाच "झाडात तार आहे" एवढे तीन शब्द बोलला असतात तर दोन्ही गाड्यांना एकदमच सांगितलं गेलं असतं. लोक फोनवर पाच मिनिटं रडगाणं गातात आणि नेमके हे तीन शब्द राहून जातात.

रडगाणं म्हणजे काय तर, "आमच्याकडे फार वाईट अवस्था आहे, कोणी लक्ष देत नाही, प्लीज लवकर काहीतरी करा." यात भावना आहे, माहिती शून्य. हेच असं लिहिलं तर बघा:

"पाण्याच्या टाकीकडून शाळेकडे जाणारा रस्ता, शाळेच्या गेटच्या अलीकडे साधारण पन्नास पावलं. मोठं झाड पडून रस्ता पूर्ण बंद, दुचाकीसुद्धा जात नाही. झाडात विजेची तार अडकलीय, शेजारचा खांब वाकलाय, खांबावरचा नंबर अमुक. कोणी अडकलेलं किंवा जखमी नाही. सकाळी ६.२० ला मी स्वतः बघितलं. नाव, फोन नंबर."

पहिल्या ओळीत जागा आहे, ती सगळ्यात आधी, कारण फोन मध्येच कट झाला तरी जागा कळलेली असली पाहिजे. मग काय झालंय, मग धोका काय, माणसांचं काय, आणि किती वाजता बघितलं. "कोणी अडकलेलं नाही" हे वाक्य लोकांना फालतू वाटतं, पण पलीकडे बसलेल्या माणसाला त्याच्याच जोरावर ठरवायचं असतं की ही गाडी इकडे पाठवू की जिथे भिंत अंगावर पडून दोघं अडकलेत तिथे. आणि "मी स्वतः बघितलं" हेही सांगाच, कारण वादळानंतर निम्मे फोन "माझ्या मेहुण्याने सांगितलं" टाइपचे असतात.

जागा सांगण्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आपण पत्ता सांगतो तो ओळखीच्या माणसाला सांगितल्यासारखा, "तो आपला कोपरा नाही का". फोन घेणारा माणूस कदाचित दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. विजेच्या खांबावर बहुतेक ठिकाणी नंबर असतो, रंगवलेला किंवा पत्र्याची पट्टी ठोकलेली, डीपीवर पण असतो, आणि वीजवाल्यांच्या दृष्टीने याच्यापेक्षा पक्का पत्ता जगात नाही कारण त्यांचा सगळा नकाशाच त्या नंबरांवर चालतो. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड. आणि काहीच नसेल तर मोबाईलच्या मॅपवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात, अक्षांश-रेखांश, ते जसेच्या तसे टाइप करून पाठवा. दशांश चिन्हानंतर चार आकडे दिले तर साधारण दहा-अकरा मीटरच्या आत जागा सापडते, पाच दिले तर मीटरभरात. मॅपची लिंक पाठवण्यापेक्षा आकडे बरे, कारण समोरच्याचं नेट बंद असेल तर लिंक उघडत नाही, आकडे मात्र वायरलेसवरून वाचूनसुद्धा सांगता येतात.

त्यातून कॉल लागत नसेल तर एसएमएस करून बघा, म्हणजे तक्रारीचा मेसेज नंबर असेल तर त्यावर, नाहीतर बाहेरगावच्या कुणाला तरी, की बाबा तू तिकडून फोन लावून कळव. कॉलला सलग लाइन लागते, एसएमएसला जरा फट मिळाली की तो निघून जातो. आणि मोबाईलवर स्वतःच्या कंपनीची रेंज गेलेली असली आणि वर फक्त 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' असं दिसत असलं तर त्याचा अर्थ असा की दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा टॉवर जिवंत आहे आणि इमर्जन्सी नंबर त्याच्यावरून लागू शकतो. भारतात आणि युरोपात तो ११२ आहे, अमेरिकेत ९११. फक्त एक लक्षात घ्या, हा नंबर जीव धोक्यात असेल तेव्हाचा. लाईट कधी येणार हे विचारायला त्यावर फोन केला तर आपल्यामागे रांगेत कोण आहे, कुणाच्या छातीत कळ आलीय की कुणाच्या घरात पाणी शिरलंय, आपल्याला माहीत नसतं. पडलेली फांदी, उडालेले पत्रे, गेलेली लाईट याचे नंबर वेगळे असतात आणि ते वादळाच्या आधी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले बरे. कागदावरच, कारण बॅटरी संपलेल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेला नंबर काही उपयोगाचा नाही.

आता पडलेल्या तारेचं. हे नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल. तार जमिनीवर पडली, ठिणगी नाही, आवाज नाही, म्हणजे ती मेलेली आहे असं अजिबात नसतं. जिवंत तार जमिनीला टेकली की करंट मातीत पसरतो, पाण्यात दगड टाकल्यावर लाटा कशा गोल गोल जातात तसा, तारेच्या जवळ दाब जास्त आणि लांब जाल तसा कमी. आपला एक पाय पुढे आणि एक मागे असला की दोन पायांखाली दाब वेगवेगळा असतो, आणि तेवढ्या फरकाने करंट एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. तारेला हात लावायची गरजच नाही! गाई-म्हशी यात जास्त का मरतात तर त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त. म्हणून निदान दहा मीटर लांब राहायचं, ओल्या जमिनीत त्याहून जास्त, आणि चुकून जवळ पोचलाच असाल तर ढांगा न टाकता पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, इंच इंच सरकत मागे यायचं. गाडीवर तार पडली तर गाडीतच बसून राहायचं आणि फोन करायचा. आग लागली तरच उतरायचं, तेही दार उघडून गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी हात-पाय न लावता, दोन्ही पाय जोडून बाहेर उडी. काठीने तार बाजूला सारणारे शूरवीर प्रत्येक वस्तीत असतात, त्यांना आवरा. ओलं लाकूड करंट आणतं.

याचीच दुसरी बाजू जनरेटरची. लाईट गेली की काही जण छोटा जनरेटर आणतात आणि त्याची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खोचतात, मेन स्विच बंद न करता. डीपीतला ट्रान्सफॉर्मर बाहेरचा मोठा दाब कमी करून घरात देतो, पण तो उलटाही चालतो, घरातून वीज गेली की तीच तो हजारो व्होल्ट करून लाइनवर चढवतो. तिकडे बिचारा लाईनमन लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला असतो. आणि जनरेटर घरात किंवा खिडकीखाली चालवायचा नाही, घरापासून सहा मीटर तरी लांब, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. वादळातून वाचलेली माणसं वादळानंतरच्या अंधारात अशी गेलेली आहेत, ठिकठिकाणी.

फोटोंकडे येतो. स्टेटससाठी काढलेला फोटो आणि कळवण्यासाठी काढलेला फोटो यात फरक असतो. एक लांबून काढायचा, ज्यात आजूबाजूचं काहीतरी ओळखू येईल असं, पाटी, दुकान, वळण. एक मधून, ज्यात नुकसान आख्खं दिसेल. आणि एक जवळून, त्यात मापाला काहीतरी ठेवून, पट्टी, पेन, बूट, काहीही. घरात पाणी शिरलं असेल तर ते ओसरल्यावर भिंतीवर मळकट रेघ राहते, तिच्याशेजारी टेप धरून फोटो काढा, कारण चार दिवसांनी ती पुसली की पाणी किती होतं याचा पुरावा संपला. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची आतली माहिती निघून जाते, त्यामुळे पाठवलात तरी मूळ फोटो मोबाईलमध्ये ठेवा, डिलीट करू नका.

मापाचं एवढं का सांगतोय याच्यामागे एक भारी गोष्ट आहे. वारा किती होता हे बऱ्याचदा नुकसान बघूनच ठरवतात, कारण वादळ जिथून गेलं तिथे वारा मोजायचं यंत्र असेलच असं नाही, आणि असलं तर ते उडूनही जातं. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये वाऱ्याला शून्य ते बारा नंबर दिले ते जहाजाच्या शिडांवर काय परिणाम होतो ते बघून. जमिनीवर तीच पट्टी वापरतात, डहाळ्या मोडायला लागल्या की साधारण ६२ ते ७४ किलोमीटर ताशी, झाडं मुळासकट उपटली की ८९ च्या पुढे. चक्रीवादळ नाही, भोवऱ्यासारखं टोर्नेडो असतं ना, त्याची तर अमेरिकेतली पट्टीच नुकसानावर आहे, घर, शेड, शाळा, झाड असे २८ प्रकार, आणि त्यातलं काय किती मोडलं त्यावरून वाऱ्याचा वेग काढतात. म्हणून तिथले हवामानवाले लोकांना विचारतात की फांदी किती जाड होती आणि ती हिरवी होती की आधीच किडलेली. किडलेली फांदी झुळकेनेही पडते, तिच्यावरून काय कळणार. गारांचं तसंच, "लिंबाएवढ्या" म्हणू नका, लिंबं शंभर आकाराची असतात, पट्टी लावून मोजा.

आणि नुसत्या पडलेल्या झाडांवरून केवढं निघू शकतं बघा. टेत्सुया फुजिता नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ, पुढे अमेरिकेत गेलेले, १९४५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीला जाऊन स्फोटानंतर झाडं कशी पडलीत ते बघून आलेले होते, मधून चारी बाजूंना चांदणीसारखी. १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एका फटक्यात जवळजवळ दीडशे टोर्नेडो झाले, त्याची पाहणी ते विमानातून करत होते, तर काही ठिकाणी झाडं गोल भोवऱ्यासारखी पडायच्या ऐवजी तशीच चांदणीसारखी बाहेर पडलेली दिसली. मग त्यांच्या डोक्यात आलं की इथे वारा गोल फिरला नाही, वरून खाली आदळला आणि चहूकडे पसरला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला उतरताना एक विमान पडलं, त्याचं कारण त्यांनी हेच दाखवलं, वरून आदळणारा वारा. सुरुवातीला लोक हसले, आज वैमानिकांना याचं ट्रेनिंग असतं आणि मोठ्या एअरपोर्टवर त्यासाठी वेगळं रडार असतं. झाडं कुठल्या दिशेला पडलीत हे कुणीतरी नीट बघितलं म्हणून.

आता वादळाच्या आधीचं. सगळ्यात आधी इशाऱ्यांची भाषा. आपल्या हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत असतात पण अर्थ नाही, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हलायचंय. दुसरं, टीव्हीवर वादळाचा रस्ता दाखवताना पुढे रुंद होत जाणारा भोंगा दाखवतात. लोकांना वाटतं भोंगा म्हणजे वादळाचा आकार आणि आपण त्याच्या बाहेर म्हणजे सुटलो. तसं नाहीये, तो फक्त वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं त्याचा अंदाज असतो, आणि अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर जो भोंगा काढतं त्यात केंद्र साधारण तीनपैकी दोनच वेळा आत राहतं. वारा-पाऊस तर भोंग्याच्या बाहेर कितीतरी लांब पोचतो. तिसरं, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, त्यामुळे "मागच्या वेळी साठचा होता काही झालं नाही, आता एकशेवीसचा आहे, थोडं जास्त होईल" हे गणित चुकतं. आणि चौथं, वारा अचानक थांबला म्हणजे वादळ गेलं असं नाही, कदाचित वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर आलेला असतो, थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने सुटतो आणि पहिल्या फेरीत हललेली झाडं दुसऱ्या फेरीत पडतात. नुकसान बघायला त्या शांततेत बाहेर पडू नका.

आणि किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षा पाणी मारतं. कतरिना चक्रीवादळ २००५ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा तिथल्या चक्रीवादळांच्या वाऱ्याच्या पट्टीवर पाचपैकी तीन नंबरवर होतं, पण मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्र काही ठिकाणी ८ मीटरच्या वर चढला. ती पट्टी पाणी मोजतच नाही. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये फिलिपिन्समध्ये हैयान चक्रीवादळ आलं, इशारे वेळेत दिले होते, त्यात 'स्टॉर्म सर्ज' असा शब्द होता, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं समुद्राचं पाणी. टॅक्लोबान शहरात कित्येकांना तो कळलाच नाही, नंतर वाचलेले लोक म्हणाले की सरळ त्सुनामीसारखं पाणी येतंय म्हटलं असतं तर आम्ही पळालो असतो. सहा हजारांच्या वर माणसं गेली. मला ही गोष्ट फार लागते, कारण तिथे सॅटेलाइट चालला, रेडिओ चालला, सगळं चाललं आणि एका शब्दावर अडलं. वस्तीच्या ग्रुपवर सरकारी इशारा नुसता फॉरवर्ड करून भागत नाही ते याच्यासाठी, खाली दोन ओळी लिहाव्या लागतात की म्हणजे आपल्या नाल्याजवळच्या घरांनी संध्याकाळच्या आत वर यायचंय.

याच्या उलटं उदाहरण बांगलादेशचं आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात कमीत कमी तीन लाख लोक मेले. १९७२ पासून तिथे रेड क्रॉससोबत स्वयंसेवक तयार करायला लागले, गावातलीच माणसं, हातात भोंगा, झेंडे, सायरन, घरोघर जाऊन सांगणारी, आज ते सत्तर हजारांच्या पुढे आहेत आणि त्यात निम्म्या बायका. १९९१ ला पुन्हा एक लाख अडतीस हजारांच्या आसपास गेले, म्हणजे एका रात्रीत सुधारलं नाही काही, पण २००७ च्या सिद्रमध्ये, जे खूप मोठं वादळ होतं, सरकारी आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला. त्यात निवारे बांधले, बंधारे बांधले, अंदाज सुधारले, हे सगळं आहेच. पण दारावर येऊन "काकू चला" म्हणणारं ओळखीचं माणूस असलं की लोक निघतात, टीव्हीवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घर सोडवत नाही.

आपल्या वस्तीत हेच छोट्या प्रमाणात करायचं तर फार काही लागत नाही. एक यादी, कुठल्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, कुणाला ऑक्सिजन मशिन लागतं, कुणाकडे लहान बाळ आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, आणि प्रत्येक नावासमोर दुसरं एक नाव की हा जाऊन बघणार. माणशी दिवसाला चार लिटरच्या हिशोबाने तीन दिवसांचं पाणी, औषधं, बॅटरी, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, हे तर सगळेच सांगतात. कुणी सांगत नाही ते हे, की वादळाच्या आदल्या दिवशी घराचा एक व्हिडिओ काढून ठेवा, दारापासून सुरू करून प्रत्येक खोली, छप्पर, गाडी, फ्रिज, मोटर, कंपनीचे नंबर दिसतील असे. दोन मिनिटं लागतात. नंतर पंचनाम्याला किंवा इन्शुरन्सला माणूस येतो तेव्हा तो झालेलं बघतो, आधी काय होतं ते त्याला कळायला मार्ग नसतो, आणि आपण तोंडाने सांगितलेलं तो लिहीलच असं नाही.

पाहणीचेही टप्पे असतात. पहिली फेरी बऱ्याचदा गाडीतूनच, काच खाली न करता, नुसतं मोजत जातात, किती घरं पूर्ण गेली, किती राहण्यासारखी नाहीत, किती किरकोळ. त्या आकड्यावरून वरून मदत किती मागायची ते ठरतं. रस्त्यावरून तुमचं घर ठणठणीत दिसतंय आणि मागची भिंत कोसळलीय तर पहिल्या फेरीत तुम्ही ठणठणीतमध्येच मोजले जाता. म्हणून कळवणं. आणि ते येईपर्यंत छप्पर उघडं टाकून बसू नका, आधी फोटो काढा मग ताडपत्री टाका, तिची पावती ठेवा, मोडलेल्या सामानाचा तुकडा फेकू नका.

तक्रार दिली की नंबर घ्याच, आणि घेणाऱ्याचं नाव आणि वेळ त्याच कागदावर. शेजाऱ्यांनी त्याच झाडासाठी दहा नवीन तक्रारी करण्यापेक्षा त्याच नंबरवर "अजून आहे, आता फांदी खाली झुकलीय" असं सांगावं, नाहीतर तिकडे दहा झाडं दिसतात आणि नऊ गाड्या फुकट फिरतात. मोकळं झालं की तेही कळवा, हे तर कुणीच करत नाही.

आमच्या झाडाचं म्हणाल तर मी फोन केल्यावर त्या बाईंनी विचारलं, खांबावरचा नंबर काय आहे. मी जाऊन बघितलं तर त्यावर क्लासच्या जाहिरातीचा कागद चिकटवलेला. नखाने खरवडून काढला तेव्हा खाली अर्धा नंबर दिसला, शेवटचे दोन आकडे रंगासकट उडालेले. शेजारच्या खांबाचा पूर्ण होता, तो सांगितला आणि म्हटलं याच्या पुढचा. चाळीस मिनिटांत वीजवाले आले. आता दर पावसाळ्याच्या आधी एका रविवारी मी आमच्या रस्त्यावरच्या चौदाही खांबांचे फोटो काढून ग्रुपवर टाकतो, पोरं हसतात, हसू देत.